एकाच प्रकल्पाला दोन वेगळे गुण

प्रश्न : अंतिम वर्षाचे प्रकल्प दोन प्राध्यापक तपासतात. निकषांचा तक्ता एकच, तरी गुणांत मोठी तफावत पडते. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा तक्त्याच्या शब्दांत असतो. ‘चांगले विश्लेषण’ म्हणजे काय, हे जो तो आपापल्या परीने ठरवतो. त्याऐवजी ‘निष्कर्षाला किमान २ पुरावे दिले, विरोधी पुराव्याचीही दखल घेतली’ असे डोळ्यांना दिसेल ते लिहा. प्रत्येक निकषासाठी कामाच्या दर्जाच्या पातळ्या ४च ठेवा. १० ठेवल्या तर सहावी आणि सातवी यांतला फरक सांगणे कठीण. तपासणीआधी ३-४ जुने प्रकल्प, नावे झाकून, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावेत. एकाहून अधिक पातळीचा फरक पडेल तिथे चर्चा करून शब्द सुधारावेत. ही बैठक टाळू नकाच! आणि निकषवार गुण जपून ठेवा. विद्यार्थी नेमके कुठे अडतात, हे एकूण गुणांत दिसत नाही.