द्राक्षबागेसाठी स्मार्ट यंत्र करू पाहणाऱ्या नवोदितास

तुम्ही तासगावच्या द्राक्षबागांसाठी पानांवरचा ओलावा मोजून ‘दावण्या’ या द्राक्षवेलीच्या रोगाचा इशारा मोबाईलवर देणारे यंत्र करीत आहात. तर ॲपच्या रंगसंगतीआधी रेंज गेल्यावर यंत्राचे काय होते, ते पाहा. माझ्या विहिरीवरचा, मोबाईलवरून मोटर चालू करणारा स्टार्टर कंपनीने सर्व्हर बंद करताच मुका झाला आणि पेटीवर हाताने दाबायचे बटणच नसल्यामुळे, वीज असूनही दोन रात्री विहीर उशाला आणि कोरड बागेला अशी गत झाली. तेव्हापासून बटण आधी आणि इंटरनेट नंतर, हे माझे ठाम मत आहे.

प्रत्येक पेटीला वेगळा पासवर्ड द्या. २०१६ साली ‘मिराई’ या घातक संगणक प्रोग्रॅमने असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिले होते म्हणून.

सर्वांत नाजूक बाब माहितीची आहे. छाटणीची तारीख आणि फवारण्यांची नोंद व्यापाऱ्याच्या हाती गेली, तर माल कधी काढावाच लागणार हे त्याला आधीच कळते आणि दर पाडायला तेवढे पुरते. शेतकऱ्याच्या नावाशी जोडलेल्या माहितीसाठी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती मराठीतही वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. ती चार ओळींत, साध्या शब्दांत लिहा आणि नकार दिला तरी ओलाव्याचा इशारा चालू ठेवा.

पेटीवरचे बारीक दिवे मात्र टाळा, कारण एप्रिलच्या उन्हात ते दिसतच नाहीत.