वाचकांचे प्रश्न : ट्रिको, योर्दा आणि अ‍ॅग्रो

फुमितो उएदा यांचे तीन गेम, 'इको' (२००१), 'शॅडो ऑफ द कलोसस' (२००५) आणि 'द लास्ट गार्डियन' (२०१६), यांवर आलेली बरीचशी पत्रं सोबत्यांबद्दल आहेत : 'द लास्ट गार्डियन'मधलं ट्रिको हे जनावर, 'इको'मधली योर्दा ही मुलगी आणि 'शॅडो ऑफ द कलोसस'मधली अ‍ॅग्रो ही घोडी. कुणी त्यांच्यावर जीव टाकलाय, कुणी वैतागून कंट्रोलर बाजूला ठेवलाय. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत. अ‍ॅग्रोच्या दुसऱ्या प्रश्नात शेवटाचा उल्लेख आहे. तो गेम खेळायचा राहिला असेल तर तेवढं उत्तर वगळा.

प्रश्न : ट्रिकोला वरच्या कट्ट्यावर उडी मार म्हणून सांगतो, तर तो इकडेतिकडे बघतो, अंग खाजवतो, कधी भलतीकडेच चालू लागतो. मित्र म्हणतात गेमच बिघडलेला आहे. खरं काय? (सांगली)

गेम बिघडलेला नाही. पण मित्रांच्या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असंही नाही. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ.

पहिली गोष्ट ट्रिकोची. मांजर, कुत्रा आणि पक्षी यांचं मिश्रण असलेलं हे जनावर मुद्दामच असं घडवलंय की बटण दाबलं आणि काम झालं, असं होऊ नये. सुरुवातीच्या भागात तर हुकूम देण्याची सोयच नसते. कंट्रोलरवरचं आर-वन बटण दाबलं की आपण चालवतो तो मुलगा फक्त हाक मारतो. बरंच पुढे गेल्यावर, आपण केलेल्या खुणा जनावराला कळू लागल्यात असं निवेदक सांगतो, आणि तिथून पुढे आर-वन धरून दिशा किंवा कृती दाखवता येते. त्याआधी तुम्ही आर-वन धरून कितीही खटपट केलीत तरी हाकेपलीकडे काही होणार नाही.

हुकूम मिळायला लागल्यावर बहुतेकांची चूक एकच होते. ट्रिको लगेच हलला नाही की लोक बटण पुन्हा पुन्हा बडवतात. प्रत्येक नवी खूण त्याचं लक्ष आधीच्या खुणेवरून काढून घेते. तो उडीच्या तयारीत दबा धरत असेल तर तीही मोडते, आणि आपल्याला वाटतं तो ऐकतच नाही. त्याऐवजी असं करा :

आधी त्याच्या पाठीवर, शक्यतो मानेजवळ, चढा. जमिनीवरून दिलेली खूण त्याला नेमकी कुठली जागा दाखवते आहे हे ठरवणं अवघड जातं. मग कॅमेरा फिरवून ज्या कट्ट्यावर जायचं तो समोर मधोमध आणा. आता आर-वन धरून स्टिक त्याच दिशेला ढकला आणि उडीचं बटण एकदाच दाबा. त्यानंतर हात सोडा आणि त्याच्या डोक्याकडे बघा. कान टवकारले, मान त्या कट्ट्याकडे वळली आणि मागचे पाय खाली दबले, तर त्याला समजलंय. आणखी चार-पाच सेकंद दिलेत की तो उडी मारतो. मान दुसरीकडेच वळली तर दिशा चुकली. आधीची खूण विरू द्या आणि नव्याने दाखवा. आणि वीसेक सेकंद थांबूनही काहीच हालचाल नसेल, तर बहुधा तो रस्ताच नाही. ट्रिको जिथे टक लावून बघत बसतो तिकडे एकदा नजर टाका, वाट पुष्कळदा त्याला आपल्याआधी दिसलेली असते.

तो पुढे यायलाच तयार नसेल, भिंतीला चिकटून गुरगुरत असेल, तर जवळपास काचेचा रंगीत डोळा शोधा. त्या डोळ्यांची त्याला भयंकर भीती वाटते, आणि तो डोळा फोडणं किंवा त्याच्या नजरेआड करणं हे मुलाचंच काम आहे. तिथे आर-वनचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट कॅमेरा आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या. इथे मात्र चाहत्यांची नाराजी आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. बंदिस्त खोलीत ट्रिकोच्या पाठीवर असताना कॅमेरा त्याच्या पिसांत किंवा भिंतीत अडकतो, पडदा काळा होतो आणि परत उजळतो तेव्हा दिशाच उलटलेली असते. मग आपण भलतीच खूण करतो आणि दोष जनावरावर जातो. उपाय साधा आहे : अशा खोलीत कॅमेऱ्याशी झगडू नका. खाली उतरा, मोकळ्या जागी उभे राहा, दिशा ठरवा, पुन्हा चढा.

फ्रेमरेटचं म्हणाल तर साध्या पीएस ४ (प्लेस्टेशन ४) वर मोठ्या, उघड्या जागी चित्र स्पष्टपणे अडखळतं. पीएस ४ प्रो असेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०पी करा, फरक लगेच जाणवतो. आणि पीएस ५ असेल तर एक खास गोष्ट आहे. डिस्कवरची मूळ, अपडेट न केलेली आवृत्ती तिथे सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत चालते, कारण ३० ची मर्यादा नंतरच्या अपडेटने घातली. त्यासाठी गेम काढून टाका, इंटरनेट बंद करा आणि डिस्कवरून पुन्हा बसवा. अपडेट मागितलं तर देऊ नका. डिजिटल प्रत घेतलेल्यांना हा मार्ग उपलब्ध नाही. जुना सेव्ह चालेलच असं धरू नका, नव्याने सुरुवात करायची तयारी ठेवा. ट्रिकोच्या पिसांवरून वारा सरकताना ज्यांनी ६० फ्रेममध्ये पाहिलाय, त्यांना हा खटाटोप जड वाटत नाही.

प्रश्न : लढाई संपली तरी ट्रिको पिसाळल्यासारखा करतो, डोळे गुलाबी-जांभळे होतात आणि माझंही ऐकत नाही. (ठाणे)

त्याला शांत करणं हा लढाईचाच उरलेला भाग आहे. त्याच्या अंगावर चढा आणि डोकं-मान या भागात कुरवाळण्याचं बटण धरून ठेवा. डोळ्यांचा रंग निवळेपर्यंत सोडू नका. मग अंगात रुतलेले भाले एकेक करून उपटा. रक्ताचे डागही कुरवाळून निघतात. जवळ निळसर चमकणारं पिंप दिसलं तर ते उचलून त्याच्यापुढे टाका. हे सगळं न करता पुढे जायची घाई केलीत तर तो चिडलेलाच राहतो आणि पुढच्या उडीसाठी तुम्ही नुसते ताटकळत बसता.

लढाईतच तो जागच्या जागी थिजला असेल तर एखाद्या चिलखती शिपायाच्या हातात काचेच्या डोळ्याची ढाल आहे. त्या शिपायाला मागून धडक देऊन ढाल पाडा, बाकीचं ट्रिको बघतो. शिपायाने मुलालाच उचललं तर पडद्यावर अक्षरं दाटू लागतात. अशा वेळी सगळी बटणं भराभर दाबत राहा, सुटका होते.

प्रश्न : 'इको' हा उत्कृष्ट गेम आहे असं सगळे म्हणतात. मला मात्र योर्दाचा हात धरून फिरण्याचा कंटाळा आला. ती स्वतः काहीच करत नाही, सारखी पळवून नेली जाते. मुलीला असं ओझं म्हणून दाखवणं पटतं का? (पुणे)

हा आक्षेप अनेक चाहत्यांनीही घेतला आहे आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. योर्दा लढत नाही. शिडी चढायला वेळ लावते, कधी अर्ध्यावरून परत उतरते, कबुतरामागे रेंगाळते. पण गेमचं यंत्र कसं बांधलंय ते पाहिलं तर 'ओझं' हा शब्द अपुरा वाटतो. मूर्तींनी अडवलेले दरवाजे फक्त तिच्या प्रकाशाने उघडतात, आपण चालवतो तो मुलगा, इको, एकटा त्या किल्ल्यातून बाहेर पडूच शकत नाही. शिवाय पडद्यावर ताकद मोजणारी पट्टीच नाही. योर्दाला पळवायला येणाऱ्या सावल्यांनी इकोला कितीही आपटलं तरी तो उठतो. हरण्याच्या वाटा दोनच : उंचावरून पडणं आणि योर्दा काळ्या भोवऱ्यात पूर्ण ओढली जाणं. म्हणजे तुमचा जीव तिच्यात ठेवलेला आहे. शेवटच्या भागात कोण कोणाला सांभाळतं तेही जरूर पाहा, आणि मग मत बनवा.

कंटाळ्याचं मूळ मात्र बहुतेक वेळा खेळण्याच्या पद्धतीत असतं. तिला सतत ओढत नेऊ नका. आर-वन हे हाक मारण्याचंही बटण आहे. खोलीत शिरल्यावर तिला दाराजवळ उभी करा आणि आधी एकट्याने वाट शोधा, फक्त फार लांब आणि फार वेळ जाऊ नका, कारण ती एकटी राहिली की सावल्या येतात. वाट सापडली की मगच हाक मारा. दरी ओलांडताना तुम्ही आधी पलीकडे जा, अगदी कडेवर तिच्याकडे तोंड करून उभे राहा आणि आर-वन धरून ठेवा. ती उडी घेते आणि इको तिचा हात पकडतो. कडेपासून दोन पावलं मागे उभे असाल तर ती उडीच मारत नाही. लोक नेमके इथे अडकतात.

लढाईत सावल्यांमागे धावू नका. भोवरा कुठे आहे ते आधी बघा आणि त्याच्या व योर्दाच्या मध्ये राहा. तिला उचलून नेलंच तर सावलीला गाठण्यापेक्षा थेट भोवऱ्याकडे पळा. ती आत बुडत असताना काठावर आर-वन दाबलं की ओढून काढता येते. लाकडी दांडक्याने सावली मारायला जास्त फटके लागतात, म्हणून तलवार मिळाली की ती कुठे टाकून येऊ नका. आणि लढाईच्या जागी मूर्तींचा दरवाजा असेल तर योर्दाला सरळ तिथे घेऊन जा. तिच्या प्रकाशाने तिथल्या सगळ्या सावल्या एका झटक्यात संपतात. जी 'काहीच करत नाही' ती इथे तलवारीपेक्षा भारी पडते.

एक विनंती : कंट्रोलरचं व्हायब्रेशन चालू ठेवून खेळा. हात धरून पळताना तळहाताला छोटे छोटे झटके जाणवतात, ती मागे पडली की ते जाणवतं. या गेमवर लोक इतका जीव का टाकतात, याचं निम्मं उत्तर त्या झटक्यांत आहे.

प्रश्न : योर्दा काय बोलते ते कधीच कळत नाही का? (बेळगाव)

कळतं, पण दुसऱ्या खेपेला. गेम पूर्ण करून त्याच सेव्हवरून पुन्हा सुरू केला की तिच्या वाक्यांचा अर्थ खाली दिसतो. त्याच खेपेला दुसरा कंट्रोलर लावून दुसऱ्या खेळाडूला योर्दा चालवता येते. अमेरिकेतल्या मूळ पीएस २ डिस्कमध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्या. जपानी व युरोपीय आवृत्तीत आणि २०११ च्या पीएस ३ वरच्या एचडी संग्रहात आहेत.

प्रश्न : अ‍ॅग्रो वळतच नाही. झाडांत आणि अरुंद वाटांवर अडकते. रीमेकमध्ये तरी हे सुधारायला हवं होतं. (औरंगाबाद)

अ‍ॅग्रोला मोटरसायकल समजून चालवलं की हे होतंच. तिथे स्टिक म्हणजे लगाम आहे. वळायचं कधी, अडथळा कसा टाळायचा, हे घोडी स्वतःही ठरवते, आणि आपण सतत स्टिक पिळत राहिलो की तिच्या निर्णयाशी आपला निर्णय भांडतो. त्यातून ती थांबते किंवा झाडाला घासते.

अरुंद घळीत किंवा पुलावर स्टिक पूर्ण सोडा आणि फक्त टाच मारत राहा. ती वाटेच्या वळणाप्रमाणे आपोआप धावते. मोकळ्या माळावर हलकेच दिशा द्या, पुन्हा सोडा. जागच्या जागी मोठं वळण हवं असेल तर आधी लगाम मागे ओढून वेग कमी करा. भर वेगात मागे वळायचा प्रयत्न फसतो. बटणांची मांडणी पीएस २ वर वेगळी आणि २०१८ च्या पीएस ४ रीमेकमध्ये वेगळी आहे, रीमेकच्या सेटिंगमध्ये दोन-तीन मांडण्या आजमावून पाहा.

या गेममध्ये एकेक करून सोळा महाकाय मारायचे असतात. अ‍ॅग्रोच्या स्वभावाचं खरं मोल दहाव्या महाकायाशी लढताना कळतं. तो वाळूखालून तुमचा पाठलाग करतो. अ‍ॅग्रोला भरधाव सोडा, मागे वळून धनुष्य ताणा, आणि वाळूतून त्याचे डोळे वर आले की बाण थेट डोळ्यात. तो बिथरून भिंतीला धडकतो आणि तेवढ्यात अंगावर चढायची संधी मिळते. बाण ताणलेला असताना लगाम हातात नसतो, त्या काही सेकंदांत घोडी आपल्या अकलेने धावते म्हणूनच नेम धरता येतो. तेराव्याच्या वेळीही तसंच : उडत्या महाकायाच्या पोटाखालच्या तीन पिशव्या बाणाने फोडल्या की तो खाली येतो, मग त्याच्या वाळूत घासणाऱ्या पंखाला समांतर अ‍ॅग्रो पळवून तिच्या पाठीवरून उडी घ्यायची. बटणाबरहुकूम चालणारी घोडी दिली असती तर या दोन्ही लढती खेळणंच अशक्य झालं असतं. रीमेक करणाऱ्या ब्लूपॉइंटने तिचा स्वभाव तसाच ठेवला, ते आमच्या मते बरोबरच केलं.

प्रश्न : पूल कोसळतो तेव्हा अ‍ॅग्रोला वाचवता येतं का? मुलगी दोन दिवस रडत होती. (कोल्हापूर)

नाही. सोळाव्या महाकायाकडे जाताना पूल कोसळतोच, कितीही वेगाने गेलात तरी. ती गेमच्या नायकाला, वान्डरला, पलीकडे फेकते आणि स्वतः दरीत जाते. मुलीला सांगा, श्रेयनामावली सुरू झाली म्हणून गेम बंद करू नकोस, शेवटपर्यंत बघ. अ‍ॅग्रो मागचा एक पाय लंगडत परत येते. त्याआधी संपूर्ण गेमभर महाकायांच्या तडाख्याने ती पडते, पण दगावत नाही, त्यामुळे लढतीत तिला जपण्यासाठी लांब ठेवायची गरज नाही.

प्रश्न : हे तीनही गेम आज भारतात कसे खेळायचे? (नागपूर)

'द लास्ट गार्डियन' आणि 'शॅडो ऑफ द कलोसस'चा रीमेक पीएस ४ वर आहेत आणि पीएस ५ वर चालतात. जमलं तर 'द लास्ट गार्डियन'ची डिस्कच घ्या, ६० फ्रेमचं कारण वर दिलंच आहे. अडचण 'इको'ची आहे. तो पीएस २ आणि पीएस ३ पुरताच राहिला. पीएस ३ चे गेम प्लेस्टेशन प्लसमध्ये फक्त स्ट्रीमिंगने मिळतात, आणि भारतात मिळणाऱ्या डिलक्स योजनेत स्ट्रीमिंग नाही. म्हणून जुना पीएस ३ आणि एचडी संग्रहाची डिस्क हाच सरळ मार्ग. पीएस ३ चे गेम कुठल्याही देशाच्या डिस्कवरून सहसा चालतात, पीएस २ चे चालत नाहीत, तेव्हा जुनी पीएस २ डिस्क घेताना कन्सोल कोणत्या विभागाचा आहे ते आधी तपासा. वापरलेला पीएस ३ घेताना डिस्क आत ओढतो का, अर्धा तास चालवल्यावर पंखा किंचाळतो का आणि कंट्रोलर थरथरतो का, एवढं दुकानातच पाहून घ्या. सुरुवातीचे सिक्सअ‍ॅक्सिस कंट्रोलर थरथरत नाहीत, ड्युअलशॉक ३ मागा.