पत्र्याच्या माळ्यावर दिवे बसवताना

प्रश्न : सोलापुरातील आमच्या जुन्या घरावर लोखंडी अँगल आणि पत्रे टाकून माळा केला आहे. फळ्यांची जमीन झाली असून आतून प्लायवूड लावायचे काम बाकी आहे. तेथे चादरींचे गठ्ठे आणि सुताचे कोन ठेवतो. सध्या खालच्या खोलीतील बोर्डातून एक जोडवायर वर नेऊन बल्ब टांगला आहे. कायमचे दिवे बसवायचे असतील तर प्लायवूड आधी लावावे की वायरिंग आधी करावे, आणि कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : वायरिंग आधी करावे. सांगाडा उघडा असताना पाइप कोठून न्यावा हे ठरवणे सोपे असते आणि एखादी चूक झाली तरी ती डोळ्यांना दिसते. मात्र त्याही आधी आपण टांगलेला तो बल्ब आजच काढावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. साधा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब हात लावता येणार नाही इतका तापतो. त्याच्याजवळ सूत आणि सुती चादरी असणे, आणि तोही केवळ वायरीच्या आधाराने लोंबकळणारा असणे, हे आगीला निमंत्रण आहे.

सोलापूरच्या माळ्याचा खरा प्रश्न उष्णतेचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा उन्हाने तापलेल्या पत्र्याखालची हवा त्याहून कितीतरी अधिक गरम होते. नेहमीच्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. वायर पत्र्याला चिकटवून नेली, तर पत्र्याची आणि विजेच्या प्रवाहाची उष्णता एकत्र होऊन ते आवरण काही वर्षांत कडक होते आणि तडकते. असे तडकलेले आवरण अँगलला टेकले की संपूर्ण छपरात वीज उतरू शकते. म्हणून पाइप पत्र्यापासून अंतर ठेवून, शक्यतो भिंतीच्या कडेने खालच्या बाजूने न्यावा, वायर पत्र्याच्या धारेवरून जाऊ देऊ नये, आणि लोखंडी सांगाडा स्वतंत्र वायरीने अर्थिंगला जोडून घ्यावा. ही शेवटची गोष्ट खर्च वाचवण्यासाठी बहुधा गाळली जाते. ती आपण गाळू नये.

दिवे एलईडीचेच घ्यावेत, पण तेही पत्र्याला भिडवू नयेत. एलईडी दिव्याच्या आतील इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने लवकर निकामी होतात, आणि ‘एलईडी टिकत नाहीत’ अशी तक्रार पत्र्याच्या घरांतून येते त्याचे हे एक मोठे कारण आहे. सुताचा कीस आणि धूळ आत जाऊ नये म्हणून झाकणाचा, बंद बांधणीचा दिवा निवडावा. पावसाळ्यात पत्र्याच्या खिळ्यांपाशी पाणी झिरपते, त्या जागांच्या बरोबर खाली दिवा किंवा जोडाची पेटी येणार नाही हे आधीच पाहावे.

९ वॅटचे चार दिवे मिळून ३६ वॅट होतात, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ०.१६ अँपिअर. तरीही तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ६ अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणारे बटण) मुख्य बोर्डापासून घ्यावा. खालच्या खोलीच्या बोर्डातून फाटा काढू नये. जुन्या घरात अ‍ॅल्युमिनिअमची वायर असेल, तर तिला तांब्याची वायर पिळून जोडलेला सांधा कालांतराने सैल होऊन तापतो. टेप गुंडाळलेला जोड माळ्यावर अजिबात नको, कारण उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा जातो. सर्व जोड पेटीत, स्क्रूच्या कनेक्टरने, आणि पेटी प्लायवूडमागे गाडली जाणार नाही अशा जागी असावेत. उंदीर उघडी वायर कुरतडतात, म्हणून पाइप मध्येच तुटक ठेवू नये.

बटण नेहमी फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीवर असावे. न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर असले तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते. जिन्याच्या पायथ्याशी एक आणि माळ्याच्या दाराशी एक अशी टू-वे बटणे (एकच दिवा दोन्ही ठिकाणांहून लावता-विझवता येणारी) लावल्यास अंधारात चढउतार करावी लागणार नाही.

एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नाही. शरीरातून जाणारा घातक प्रवाह त्याला कळतही नाही इतका थोडा असतो. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) मुख्य बोर्डात बसवावा आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो, म्हणजे वीज तोडतो का ते पाहावे. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

प्लायवूड लावण्यापूर्वी पाइप आणि पेट्यांचे प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढे फळी ठोकण्यासाठी तेथे कोणी ड्रिल लावील, तेव्हा वायर कोठून गेली आहे हे त्याला दाखवता येईल.