घर गहाण ठेवून परदेशात शिकायला जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पेडणे तालुक्यातली, सिव्हिल इंजिनिअरिंग यंदाच झालं. आमच्या गावात खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतं. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं तेव्हापासून सगळी शेतं पडीक. मला नेदरलँड्सला पाणी व्यवस्थापनात मास्टर्स करून गावासाठी काम करायचंय. अ‍ॅडमिशन मिळालीय पण स्कॉलरशिप नाही, पपा घर गहाण ठेवायला तयार आहेत. आई म्हणते, गेलेले कोण परत आलेत? काय करू?

उत्तर: बाय, जा, नक्की जा, पण यंदा नको आणि घर गहाण ठेवून तर अजिबातच नको. कारण परत यायचं की नाही हे नुसत्या इच्छेवर ठरत नाही गं, ते हप्त्यावर ठरतं. खर्च युरोत करायचा आणि गोव्यातल्या सुरुवातीच्या पगारातून फेडायचा म्हटलं की माणूस म्हणतो अजून दोन वर्षं इथेच काढतो, मग अजून दोन. आई ज्यांच्याबद्दल बोलते त्यातल्या कितीतरी पोरांना गावाची ओढ आहेच, पण ती अडकलीत.

आपल्या साखवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी बघ ना. १८९९ मध्ये घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला जाऊन पाली शिकले. पुढे कलकत्त्याला विद्यापीठात शिकवायची नोकरी होती, ती सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये घेतले, कारण त्यात महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता येणार होतं. पैसे कमी, पण अट त्यांच्या कामाशी जुळणारी. तूही तसलेच पैसे शोध.

युरोपियन युनियनच्या इरास्मुस मुंडुस स्कॉलरशिपला नोकरीचा अनुभव लागत नाही, फी भरून वर महिना १,४०० युरो मिळतात, बहुतेक कोर्सचे फॉर्म ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, तेव्हा तयारी आत्ताच सुरू कर. जर्मनीच्या डाडची विकसनशील देशांसाठीची स्कॉलरशिप आहे, तिला दोन वर्षं कामाचा अनुभव हवा. ब्रिटनच्या चेवनिंग स्कॉलरशिपलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अटच असते, तुला तर ती सोयीचीच! अगदी कर्ज काढायचंच झालं तर आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी कर, मग बँक.

आणि मधली एक-दोन वर्षं फुकट जातील असं मनातही आणू नकोस, मला तर तीच जास्त महत्त्वाची वाटतात. डच लोक समुद्रसपाटीखालची जमीन पंप लावून कोरडी ठेवतात, ते शिकण्यासारखंच आहे, पण आपलं खाजन भरती-ओहोटीवर चालतं. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं भरतीच्या जोराने आपोआप मिटतात नि ओहोटीला उघडतात. मग पाणी आत येतं कसं? कधी बांधाची डागडुजी कोणी करत नाही म्हणून, तर कधी मासळीसाठी दारं मुद्दाम उघडी ठेवतात म्हणून. कुळं वेगळी, मासळीचा लिलाव घेणारा वेगळा, त्यात कित्येक घरांतली माणसं मुंबईला नाहीतर गल्फला, मग मीटिंगला येणार कोण? तुमच्या गावात यातलं नेमकं काय झालं ते तुला माहीत आहे का? हे नेदरलँड्सला कोणी शिकवणार नाही. शेतकी खात्याच्या मृदसंधारण विभागात बांधाच्या दुरुस्तीचं काय झालं ते विचार, जुन्या गोव्याजवळ एला इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची (आयसीएआर) संस्था आहे तिथे खाऱ्या जमिनीतल्या भातावर काम चालतं ते जाऊन बघ, आणि कोरगूट, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं आपलं जुनं भात, पेरलेली म्हातारी माणसं गावात आहेत तोवर त्यांच्याशी बोलून सगळं लिहून काढ. नोकरीही जमलं तर बांधबंदिस्तीच्या कामातलीच धर. मग स्कॉलरशिपच्या निबंधात "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" असं मोघम लिहायची पाळीच येणार नाही, आणि तिकडे गेल्यावर थीसिसही आपल्याच खाजनावर करता येईल.

हातातली अ‍ॅडमिशन सोडू नकोस, पुढच्या वर्षावर ढकलता येते का ते युनिव्हर्सिटीला आजच मेल करून विचार. आणि पपांना सांग, घराचे कागद कपाटातच राहू देत.