तुझा अर्ज वाचला

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

परदेशात स्वयंसेवक म्हणून मुलांना इंग्रजी शिकवायला जाण्यासाठीचा तुझा अर्ज काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा एकदा. पहिल्याच पानावर ‘गरीब’ हा शब्द पाच वेळा आलाय, ‘वंचित’ तीन वेळा. आणि तू दोन वर्षं रोज संध्याकाळी अकरा मुलांना वाचायला शिकवलंस, ते मात्र शेवटच्या परिच्छेदात, अर्ध्या वाक्यात. ते उचल आणि सगळ्यात वर आण.

मी काही वर्षं एका निवड समितीत असे अर्ज वाचले आहेत. मुलांच्या हलाखीचं वर्णन जवळजवळ प्रत्येकात असायचं. आम्ही शोधायचो ते वेगळं: एखादं मूल अडलं तेव्हा या माणसानं काय केलं? तुझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर अवाक्षर काढत नव्हती. मग तू तिच्या हाती खडू दिलास, तिनं फळ्यावर चित्रं काढायची आणि बाकीच्यांनी नावं ओळखायची असा खेळ मांडलास. फोनवर हे सांगताना तुझा आवाज किती वेगळा झाला होता! तेच लिही, जसं घडलं तसं. जमलं नाही तेही लिही. दोन मुलं यायची थांबली तेव्हा तू त्यांच्या घरी गेली होतीस ना? ते वाचून समितीला तू कळशील.

‘इंग्रजी माझी मातृभाषा नसली तरी’ हे वाक्य काढून टाक, अगदी आजच. त्यात क्षमा मागितल्यासारखा सूर आहे आणि क्षमा मागण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. तू ही भाषा कष्टानं शिकलीस. ‘बट’ आणि ‘पुट’ यांच्या स्पेलिंगमध्ये स्वर एकच, मग उच्चार निराळे का, म्हणून तू कधीकाळी वैतागली होतीस. समोरचं मूल तिथे अडखळलं की तुला ते लगेच उमगेल. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ती ठेच दिसेलच असं नाही.

नियमांची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेची १९६१ मध्ये सुरू झालेली ‘पीस कोअर’ ही परदेशी स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था फक्त अमेरिकी नागरिकांना घेते. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः इंग्रजीभाषक अशा ७ देशांच्या नागरिकांसाठी आहे. म्हणून निबंधाला हात घालण्याआधी पात्रतेच्या अटी वाच. १९७० मध्ये स्थापन झालेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम जगभरच्या लोकांना खुला आहे आणि त्यात शिक्षणाशी निगडित कामंही निघतात. तुझ्या यादीत तो दिसला नाही.

आता तुझ्या यादीतल्या तिसऱ्या संस्थेबद्दल. अनाथाश्रमात दोन आठवडे इंग्रजी शिकवायचं, शुल्क तू भरायचं आणि निवड आठवडाभरात. तिथे अर्ज करू नकोस, असं मी तुला स्पष्ट सांगते. तुझ्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पैसे देणारे पाहुणे येत राहिले की आश्रमात मुलं असणं हाच व्यवसाय होऊन बसतो. कंबोडियात आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं होतं. शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, या आशेनं घरच्यांनी त्यांना तिथे ठेवलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेचे धोके नोंदवले. आणि त्या लेकरांचा विचार कर. दर पंधरवड्याला एक नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. असं किती वेळा सोसायचं त्यांनी?

उरलेल्या दोन संस्थांना पत्र लिहून विचार. माझ्याबरोबर वर्गात स्थानिक शिक्षक असतील का? मी परतल्यावर माझा वर्ग कोण घेईल? बालसंरक्षणाचं लेखी धोरण पाठवाल का? आणि त्या तुझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात का, ते बघ. तुझ्याकडे मागत नसतील, तर इतर कुणाकडेही मागत नसणार. मग मुलं कुणाच्या भरवशावर? पर्यटक व्हिसावर ये, पुढचं आम्ही बघू, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांब. आणि कालावधीच्या रकान्यात ‘तीन महिने’ लिहिलं आहेस, तिथे शक्य असेल तर पूर्ण शालेय वर्ष लिही. तीन महिने तर मुलांची नावं, स्वभाव आणि कोण कुठे अडतं हे कळण्यातच जातात.

इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राचं विचारलं होतंस. १२० तासांचा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी किमान धरतात, पण त्यातले कित्येक निव्वळ पडद्यासमोर बसून पुरे होतात. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे किमान ६ तास शिकवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. खर्च बराच आहे. तो झेपला नाही तर स्वस्तातला कर, पण प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव असलेलाच.

मुलाखतीत नमुना पाठ मागतील. कविता निवडू नकोस. पेन्सिल घे. पेन्सिल पुस्तकावर, पुस्तकाखाली, पिशवीत; आधी तू ठेव आणि बोल, मग तू बोल आणि मुलांना ठेवू दे, बोलायची घाई त्यांच्यावर करू नकोस. ‘समजलं का?’ असं कधीच विचारू नकोस, सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. पेन्सिल योग्य जागी गेली की समजलं, एवढंच.

रविवारी सकाळी ये. मी विद्यार्थिनी होऊन बसेन, तू वीस मिनिटांचा पाठ घे. मराठीचा एक शब्दही वापरायचा नाही. आणि अर्जाचं पहिलं पान नव्यानं लिहून आण.

तुझ्या,
बाई