तळ्यातल्या माडाची सावली, पडछाया की प्रतिबिंब?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलं आहे: चौथीतल्या मुलीने निबंधात लिहिलं, ‘मयेच्या तळ्यात माडांची सावली दिसते. वारा आला की ती मोडते.’ बाईंनी ‘सावली’ खोडून वर ‘प्रतिबिंब’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी मुलीची आजी शाळेत आली आणि म्हणाली, आम्ही जन्मभर पाण्यातल्याला सावलीच म्हणत आलो, मग ती चूक कशी? बाईंचा प्रश्न असा की आजींचं बरोबर की त्यांचं स्वतःचं? आणि पडछाया, प्रतिमा, छाया हे शब्द यात नेमके कुठे बसतात?

बाई, विज्ञानाच्या वहीत तुम्ही केलेली दुरुस्ती योग्यच ठरली असती. निबंधाच्या वहीत मात्र ती करायची गरज नव्हती. असं का म्हणतो ते जरा विस्ताराने सांगतो, कारण या शब्दांच्या पोटात बरंच काही साठलेलं आहे.

आधी ‘सावली’. हा शब्द ‘छाया’चाच वंशज. प्राकृतातल्या ‘छ’चा मराठीत पुष्कळदा ‘स’ झाला. मच्छाचा मासा झाला, पुच्छइचं पुसणं झालं, छुरीची सुरी झाली. तसंच छायेची साउली झाली, आणि जुन्या मराठीतल्या साउलीची आजची सावली. आपल्या शेजारच्या कोकणीत हीच ‘सावळी’ म्हणून नांदते. म्हणजे छाया आणि सावली या एकाच घरातल्या मायलेकी. आई संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, लेक इथल्या मातीत वाढलेली.

आता संस्कृतात छायेचे अर्थ किती, ते बघा. उन्हाला आडोसा मिळतो ती छाया. उन्हात जमिनीवर काळी आकृती पडते तीही छाया. पाण्यात किंवा आरशात रूप दिसतं तीही छाया. तोंडावरचं तेज, कांती, तीसुद्धा छायाच. जुन्या नाटकांतल्या प्राकृत संवादांचं संस्कृत रूपांतर देतात, त्यालाही ‘संस्कृत छाया’ म्हणतात. मूळ एक, त्याच्याबरोबर चालणारं दुसरं रूप एक, एवढंच त्या शब्दाला अभिप्रेत होतं. ते रूप काळं की रंगीत, उन्हाने झालं की पाण्याने, हा भेद शब्दाने केलेलाच नव्हता. आजी ‘पाण्यातली सावली’ म्हणतात तेव्हा हाच जुना, रुंद अर्थ त्यांच्या तोंडी असतो.

पडछायेबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘पडणारी छाया ती पडछाया’ असं मी शिकवतानाही ऐकलं आहे. तसं नाही. यातल्या ‘पड’चा पडण्याशी काही संबंध नाही, तो ‘प्रति’चा अपभ्रंश आहे. प्रतिशब्दाचा पडसाद झाला. घशातल्या प्रतिजिव्हेची पडजीभ झाली. सर्दीला वैद्य प्रतिश्याय म्हणतात, त्याचंच आपलं पडसं. तशी प्रतिच्छाया ती पडछाया. आणि संस्कृतात प्रतिच्छाया म्हणजे प्रतिबिंब, हुबेहूब रूप! आपण आज भिंतीवरच्या काळ्या आकृतीला पडछाया म्हणतो खरे, पण शब्दाचा पिंड पाण्यातल्या रूपाचा आहे. गोव्यात राहणाऱ्याला हे चटकन पटावं, कारण कोकणीत प्रतिबिंबाला ‘पडबिंब’ म्हणतात. तो ‘पड’ आणि हा ‘पड’ एकच.

‘प्रतिबिंब’ त्यामानाने अगदी नेमका. बिंब म्हणजे सूर्याचं किंवा चंद्राचं तबक, आणि पुढे कोणतीही मूळ वस्तू. त्याच्या उलट बाजूला उमटतं ते प्रतिबिंब. ‘आरसा’ हा शब्दही इथेच सांगून टाकतो: तो ‘आदर्श’ या संस्कृत शब्दावरून आला. आदर्श म्हणजे मुळात आरसाच. ज्यात बघून स्वतःला नीट करायचं ते, म्हणून पुढे अनुकरणीय माणूसही आदर्श झाला.

इतिहास झाला, आता तळ्यावर जाऊ. वर्गातल्या मुलांना सावली आणि प्रतिबिंब यांतला फरक व्याख्येने सांगू नका, त्यांना काठावर उभं करा. सकाळचं ऊन, वारा नाही, माड काठावर. माडाची सावली जमिनीवर पडली आहे. आता दहा पावलं डावीकडे जा. सावली होती तिथेच. उजवीकडे जा, तरी तिथेच. ती ठरते सूर्यावरून आणि माडावरून, तुम्ही कुठे उभे आहात याच्याशी तिला देणंघेणं नाही. पाण्यातला माड मात्र तुमच्याबरोबर सरकतो. दोन मुलं दोन ठिकाणी उभी राहिली तर एकाच माडाचा शेंडा दोघांना पाण्याच्या दोन वेगळ्या जागी दिसतो, कारण माडाकडून निघालेला प्रकाश पाण्यावर आपटून ज्याच्या-त्याच्या डोळ्यात ज्या वाटेने शिरतो, ती वाट प्रत्येकाची वेगळी. सावलीला सूर्य आणि वस्तू पुरे. प्रतिबिंबाला बघणाराही लागतो. शिवाय त्याला रंग असतो, नारळ पिवळट असला तर पाण्यातही पिवळट. सावलीला वस्तूचा रंग नसतो.

आणखी एक गंमत मुलांना नक्की दाखवा. स्वच्छ, खोल, संथ पाण्याच्या पृष्ठभागावर सावली दिसतच नाही. सावली दिसायला प्रकाश सगळीकडे विखुरणारं काहीतरी लागतं. झऱ्याचं पाणी नितळ असेल तर सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसते, पाण्यावर नाही. पावसाळ्यात मांडवी नदी गढूळ होते, तेव्हा पाण्यातले मातीचे कण ते काम करतात आणि पुलाची सावली थेट पाण्यावर पसरलेली दिसते. म्हणजे ‘पाण्यात सावली’ ही शास्त्राच्या भाषेतही शक्य आहे, फक्त पाणी गढूळ हवं.

माडाच्या जमिनीवरच्या सावलीकडेही एकदा वाकून बघायला सांगा. खोडाची सावली बुंध्याजवळ सुरीने कापल्यासारखी असते. वर झावळ्यांची सावली मात्र विरलेली, पुसट. कारण सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याचं तबक साधारण अर्ध्या अंशाचं आहे. त्यामुळे कोणत्याही वस्तूची पुरी काळोखी सावली तिच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट अंतरापर्यंतच पोचते, त्यापुढे नुसती फिकट कडा उरते. झावळीची पात असते चारेक सेंटिमीटर रुंद. म्हणजे तिची गडद सावली सव्वाचार मीटरच्या आसपास संपली. माड पंधरा मीटर उंच असेल तर पातीची गडद सावली जमिनीपर्यंत येतच नाही, येते ती फिकी. हीच गडद ती प्रच्छाया आणि फिकी ती उपच्छाया. ग्रहणाच्या पाठात मुलं हे दोन शब्द घोकतात, पण अंगणातल्या माडाखाली ते रोज पडलेले असतात हे त्यांना कोणी सांगत नाही. चंद्र पृथ्वीच्या नुसत्या उपच्छायेतून जातो तेव्हा त्याला छायाकल्प ग्रहण म्हणतात. किती नेमका शब्द आहे! छायेसारखं, पण पुरती छाया नव्हे.

राहिला ‘प्रतिमा’. मूर्ती या अर्थाने तो आपल्याला देवळातून ठाऊक आहे. शास्त्राने तो भिंगातून, छिद्रातून किंवा आरशातून होणाऱ्या रूपासाठी घेतला आणि त्यात दोन जाती केल्या. पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा, घेता येत नाही ती आभासी. तळ्यातला माड आभासी, कारण पाण्याच्या खाली कितीही कागद धरा, त्यावर माड उमटणार नाही. मग वास्तव प्रतिमा दाखवायला भिंग हवं का? नको. आपल्याकडे त्यासाठी एक देखणा शब्द आहे, आणि मला या सगळ्या चर्चेत तोच सर्वांत प्रिय आहे: कवडसा.

माझ्या आजोळच्या घराला मंगळुरी कौलं होती. एका कौलाला बारीक भोक पडलं होतं आणि दुपारी माजघराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वाटोळा कवडसा यायचा. भोक वेडंवाकडं होतं, पण कवडसा कायम गोल, किंवा कललेल्या उन्हात लांबट गोल. आम्ही मुलं त्याच्यावर तळहात ठेवून तो ‘पकडायचो’. मोठेपणी मी त्याच्या वाटेत कागद उन्हाला सामोरा धरून तो मोजला. भोकापासून कागद सुमारे चार मीटरवर होता आणि कवडसा भरला जेमतेम चार सेंटिमीटर. पुन्हा तोच १०८चा हिशोब. कारण तो गोल भोकाचा नव्हताच, तो सूर्याचा होता. कवडसा म्हणजे सूर्याची वास्तव प्रतिमा, उलटी. एकदा त्या गोलावरून धूसर काहीतरी सरकत गेलं, ते आकाशातल्या ढगाचं रूप होतं, आणि ढग ज्या बाजूला चालला होता त्याच्या उलट बाजूला सरकत होतं.

२६ डिसेंबर २०१९च्या सकाळी सूर्यग्रहण झालं. केरळ आणि कर्नाटकाच्या काही भागांत ते कंकणाकृती होतं, गोव्यात खंडग्रास. त्या सकाळी आंब्याखालचे सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे झाले होते. शेकडो कोरी, एकाच दिशेला तोंड केलेल्या. पानांमधल्या फटी त्याच होत्या, फक्त वर सूर्य कोर झाला होता. ज्याने ते बघितलं त्याला कवडसा आणि उन्हाची तिरीप यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही. तिरीप म्हणजे हवेतून येणारी उन्हाची पट्टी, धुळीत दिसते ती. कवडसा म्हणजे ती जिथे टेकते तिथलं रूप.

उजेड येणं वेगळं आणि रूप येणं वेगळं, हे दाखवायलाही गोव्यासारखी जागा नाही. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. पातळ, चपट्या, दुधी शिंपल्या लाकडी चौकटीत ओवलेल्या. तसल्या शिंपल्या आजही जुवारी नदीच्या मुखाशी चिखलीच्या खाडीत सापडतात. त्यांच्यातून खोलीत मऊ उजेड भरपूर येतो, पण बाहेरचा माणूस दिसत नाही. शिंपली प्रकाशाला अडवत नाही, फक्त त्याचे किरण विस्कटून टाकते. कोणत्या बिंदूकडून कोणता किरण आला हा हिशोबच मोडतो, आणि हिशोब मोडला की प्रतिमा नाही. शास्त्रात याला अर्धपारदर्शक म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो, कारण इथे अर्धा प्रकाश येतो म्हणून दिसत नाही असं नाही. ‘पारभासी’ जास्त चांगला: पार उजळतं, पण पार दिसत नाही.

आणि ‘दिसणे’ हे क्रियापद. ‘मला माड दिसतो’ या वाक्यात कर्ता माड आहे, ‘मी’ चतुर्थीत जाऊन बसलो आहे. ‘दिसणे’ आलं संस्कृतातल्या ‘दृश्यते’ वरून, म्हणजे मुळात ते कर्मणी रूप: ‘पाहिला जातो’. माडाकडून प्रकाश निघतो आणि माझ्यापर्यंत येतो, मी नुसता घेणारा. वाक्यरचना प्रकाशशास्त्राशी अगदी जुळते. दुसरीकडे आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, दृष्ट लावतो. त्यात डोळ्यांतून काहीतरी बाहेर जातं अशी जुनी समजूत शिल्लक आहे. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे पंडित, खरोखर तसं मानत, डोळ्याचं तेज वस्तूपर्यंत जाऊन भिडतं असं. सावलीबद्दलही आपल्याकडे मोठा वाद झालेला आहे. भाट्ट मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनातले कुमारिल भट्टांचे अनुयायी, म्हणत, अंधार काळा दिसतो, हलतो, म्हणून तो पदार्थ आहे. नैयायिक म्हणत, तो फक्त तेजाचा अभाव. सावलीच्या बाबतीत आजचं शास्त्र नैयायिकांच्या बाजूचं आहे, नजरेच्या बाबतीत मात्र नाही. भाषा मात्र अजून मीमांसकांबरोबर आहे, कारण आपण ऊन पडलं म्हणतो तितक्याच सहज अंधार पडला आणि सावली पडली असंही म्हणतो.

निबंधलेखनाच्या दृष्टीने एक गोष्ट जाता जाता. हल्ली ‘युद्धाची सावली’, ‘भीतीची सावली’ असं छापून येतं, ते मला खटकतं. आपल्या उन्हात सावली हा आधार आहे. आईची सावली असते, वडाची असते. वाईट गोष्टीचं सावट येतं किंवा तिची छाया पडते. मुलांना हे वळण लावायला हवं.

तुमच्या विद्यार्थिनीकडे परत येतो. तिचं दुसरं वाक्य तुम्ही तसंच ठेवलंत, याचा मला आनंद झाला. ‘वारा आला की ती मोडते.’ वाऱ्याने पाण्यावर लाटा आल्या की पृष्ठभागाचा एक आरसा राहत नाही, हजार तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा माडाचा वेगळा भाग वेगळ्या दिशेला पाठवतो. जमिनीवरची सावली वाऱ्याने हलेल, पण मोडणार नाही. मोडतं ते प्रतिबिंबच. म्हणजे मुलीने शब्द आजीचा वापरला आणि निरीक्षण अचूक प्रतिबिंबाचं नोंदवलं. तुम्ही खोडलेला शब्द तिला परत द्या, आणि समासात एवढंच लिहा: ‘विज्ञानाच्या वहीत हिला प्रतिबिंब म्हणू या. मोडते कशी, ते उद्या तळ्यावर बघू.’