लॉनमोअर (गवत कापायचं मशीन) सुरू होतो, पण पाच-दहा मिनिटांत बंद पडतो. बिघाड कुठे असेल?

बहुतेक वेळा इंजिनापर्यंत पेट्रोल पुरेसं पोचत नसतं, म्हणून आधी टाकीचं झाकण आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बघा. स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) बदलायची घाई नको. छोटी पेट्रोल इंजिनं दुरुस्त करताना पेट्रोल कमी पोचणं हेच सर्वाधिक सापडतं. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. मशीन बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन लगेच चालू झालं, तर दोष झाकणाचाच.

तसं नसेल तर चालत्या इंजिनाला चोक (आत जाणारी हवा कमी करणारी कळ) अर्धा ओढून बघा. चोकवर नीट चालतं आणि चोक काढला की मरतं, याचा अर्थ कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) तुंबलाय. महिना-दोन महिने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्यात बसतो. कार्ब्युरेटर क्लीनर मारा, जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. काळा धूर येत असेल तर मात्र उलटं, पेट्रोल जास्त आणि हवा कमी: बहुधा एअर फिल्टर घाणीने भरलाय.

इंजिन तापल्यावरच बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होत असेल, तर यातलं काही लागू होईलच असं नाही. तेव्हा बंद पडल्या क्षणी प्लगला ठिणगी येते का ते तपासा. नसेल तर इग्निशन कॉइलवर (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) संशय घ्या. आणि पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची वायर काढून ठेवाच.